काजूच्या बागेत गोचीड चावू नये म्हणून काय करता?

पुणेरी_सून:
नमस्कार मंडळी, सासरची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात आहे, एरवी आम्ही मेमध्ये आंबे खायलाच उगवतो, पण यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे मार्चमध्ये काजू गोळा करायला आम्हालाच जावं लागणार, सोबत 8 वर्षांचा मुलगा. तिकडे सगळे माकडतापाबद्दल बोलतात, गोचीड चावून होतो म्हणे. डासांचं क्रीम फासलं की पुरे का? का पोराला बागेत न्यायचंच नाही? घाबरवू नका प्लीज.

बांदेकर_झील:
ताई, मार्च म्हणजे बरोब्बर सीझन. आमच्याकडे 2016 पासून हो ताप आसा, गोव्यात सत्तरीत त्याच्या आदल्या वर्षी इलेलो. थंडीपासून पावसापर्यंत बारीक गोचीड जास्त आणि नेमके काजू पण तेव्हाच. गुरांवरची ती फुगलेली गोचीड डोळ्यासमोर आणू नका, ही तिळाएवढी, अंगावर चढली तरी कळत नाय. उडत नाय, उडी मारत नाय, पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांत, नायतर झुडपाच्या टोकाक बसून रवता, आपण घासून गेलो की चिकटली. म्हणून पातेऱ्यात बूड टेकायचं नाय, हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. आम्ही पॅन्ट मोज्यात खोचतो, वर गमबूट. लोक हसतत, हसूंदेत.

उपकेंद्रवाली:
मी त्या भागात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका होते. क्रीम लावा पण त्याच्या भरवशावर राहू नका, घामाने जातं, परत परत लावावं लागतं. डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या लॅबने काढलेलं, अंगाला लावून गोचीड दूर ठेवायचं डेपा तेल असतं, उपकेंद्रात विचारून बघा. घरी आलात की कपडे खुंटीला टांगायचे नाहीत, थेट गरम पाण्यात, आणि आंघोळीच्या वेळी मुलाच्या कानामागे, केसांत, काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली नीट बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, त्याच्या अंगावरची गोचीड खाली उतरून पसरते, लगेच आरोग्य केंद्राला नाहीतर फॉरेस्टवाल्यांना कळवा. नंतर आठवडाभरात एकदम जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर पुण्यातल्या डॉक्टरला काजूच्या बागेत गेलो होतो हे स्वतःहून सांगा, ते विचारणार नाहीत.

सह्याद्री_भटक्या:
चिकटलीच तर पेटती काडी टेकवायची, सुटते आपोआप, आजोबा तेच करायचे.

उपकेंद्रवाली:
नको हो दादा! काडी नको, रॉकेल नको, बोटाने चिरडणं तर अजिबात नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरायची, न पिळता सरळ वर ओढायची, मग साबणाने धुवायचं.

कनेक्टिकटकर:
इकडे माकडताप नाही पण गोचिडीनेच होणारा लाइम आजार आहे, नावच आमच्या राज्यातल्या गावाचं! उन्हाळ्यात पोरं अंगणातून आली की हाच कार्यक्रम. फिके कपडे घाला, काळा ठिपका चटकन दिसतो. आणि कपडे आधी ड्रायरमध्ये गरम फिरवतो, मग धुतो.

पुणेरी_सून:
थँक्यू सगळ्यांना! पोरगा घराजवळच थांबेल, सासऱ्यांसोबत. नवरा म्हणतो मोज्यात पॅन्ट खोचून गावात फिरणार नाही, मग त्याला काजू मोजायला वजनकाट्यापाशी बसवते आणि मीच गमबूट घालून जाते.