मदत हवी आहे: बॉक्स्टरचं कूलंट घरी बदललं, आता घाटात काटा वर जातोय

मंडळी, गाडी पोर्शे बॉक्स्टर (९८७ मॉडेल), सेकंडहँड घेतलेली. मुक्काम फोंड्याजवळ. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शेवटचं कधी बदललं याची नोंद आधीच्या मालकाकडे नव्हती, म्हणून गेल्या रविवारी अंगणात स्वतःच घाट घातला.

अर्धा दिवस गाडी उचलण्यातच गेला. गाडी इतकी खाली की जॅक आत शिरेना, आणि शिरला तर तांबड्या मातीत रुतायला लागला. शेवटी चारी चाकांखाली फळ्या रचून गाडी वर चढवली, मग स्टँड लावले. खालचा प्लग काढून पाणी बादल्यांत मोजून घेतलं, साडेअकरा लिटर. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन गरम करून, थंड झाल्यावर पुन्हा रिकामी, असं दोनदा केलं. दुसऱ्या वेळेला जवळजवळ स्वच्छ पाणी आलं. शेवटी काँसन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट, म्हणजेच अँटिफ्रीझ) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं करून ओतलं, तर ९ लिटरमध्येच टाकी तोंडाला आली. वाटलं, झालं काम.

काल मोलेहून अनमोड घाट चढताना ८० वर ठाण मांडून बसणारा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गाडी बाजूला घेतली, थांबल्यावर उतरला. सीटच्या मागे माठात पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. गळती कुठेच नाही, खाली पुठ्ठा पसरून बघितला, कोरडा. पंप गेला का? थर्मोस्टॅट? आमचे काका म्हणतात, गोव्यात बर्फ पडतो का, अँटिफ्रीझ कशाला, बांयचं (विहिरीचं) पाणी घाल.

घाटवेडा:
पंपाला हात लावू नकोस. साडेअकरा काढलंस, नऊ घातलंस, मग अडीच लिटरची जागा कोणी घेतली? हवेने. या गाडीचं इंजिन सीटमागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये, मधे पोटाखालून लांबच लांब पाइप. नुसतं ओतून हवा निघत नाही. मागच्या डिकीत कूलंटच्या टोपणाशेजारी हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह आहे, त्याची तारेची क्लिप उभी केलीस का? एक अजून: हीटर लाव आणि सांग गरम वारा येतो का.

धागाकर्ता:
क्लिप? ती काय भानगड? आणि हीटर गाडीत आहे हेच विसरलो होतो. आत्ता लावून बघितला. इंजिन गरम, तरी वारा थंड.

घाटवेडा:
मग सापडलं, हवाच अडकलीय, म्हणून गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, गरम असताना टोपण उघडलंस तर तोंड भाजेल. क्लिप उभी कर, काठोकाठ भर, इंजिन चालू कर, हीटर फुल. पातळी उतरेल तशी भरत जा. उतरायची थांबली की टोपण लाव आणि २५०० आरपीएमवर चांगली तापव, अधूनमधून रेस कर. थंड झाल्यावर परत बघ. कॉम्प्रेसर असलेला कोणी ओळखीत असेल तर व्हॅक्यूम लावून भरणं सगळ्यात सोपं.

तांबडीमाती:
हवेचं बरोबर आहे, पण मिश्रणाचं काय? या गाडीत वीसेक लिटर मावतं. तुम्ही साडेअकराच काढू शकलात, म्हणजे साडेआठ लिटर आतच राहिलं, आणि दोनदा धुतल्यावर ते जवळजवळ नुसतं पाणी. त्यावर निम्मं-निम्मं ९ लिटर, म्हणजे खरं काँसन्ट्रेट साडेचार. विसात साडेचार! आता जे अडीच लिटर जाईल ते निव्वळ काँसन्ट्रेट घाला, तरी ३५ टक्क्यांच्या आसपासच. नंतर पाच लिटर काढून पाच निव्वळ घातलं की निम्म्यावर येईल. रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) खात्री करा. पण म्हणून सगळं निव्वळ भरू नका, उष्णता वाहून न्यायला पाणीच लागतं.

काकांना सांगा, अँटिफ्रीझ बर्फापुरतं नसतं. उकळबिंदू वाढतो, आतला गंज थांबतो. बांयच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आणि काढलेलं पाणी उघडं ठेवू नका, गोड लागतं आणि विषारी असतं. शेजारची कुत्री-मांजरं जातील जिवानिशी. बांयच्या आसपास तर ओतूच नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

जुनाटगाडी:
पात्रांव, बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलंय का? एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे पाला अडकतो. माझ्या गाडीतून पिशवीभर फणसाची पानं निघाली होती.

धागाकर्ता:
दुपारी दीडच्या उन्हात, हीटर फुल लावून तासभर गाडीत बसलो. घरची मंडळी दारात उभी राहून हसत होती. २.३ लिटर आत गेलं, सगळं निव्वळ. गरम वारा आता असा येतो की विचारू नका, माठाचा आवाजही गेला. पाला निघाला, पण फणसाचा नाही, आंब्याचा, सोबत मूठभर वाळू. रविवारी पाच लिटर काढतो. रिफ्रॅक्टोमीटर मागवलाय, आला की आकडा इथे टाकतो.