हत्यारांचा लॉट आणि जुन्या घराच्या तुळया: बोली कुठंपर्यंत न्यायची?

खानापूरचा_रंधा
शेडात लहान सुतारखाना उभा करतोय. दोन माल बघितलेत.

१) बेळगावात बंद पडलेल्या वर्कशॉपचा लिलाव. एकाच लॉटमध्ये ३ लोखंडी रंधे (एकावर स्टॅनली नंबर ४, बाकीच्यांवरचं नाव गेलंय), ११ पटाश्या, ४ करवती, २ गिरमिटं आणि किरकोळ सामानाची पेटी. बोलीआधी अर्धा तास माल बघायला मिळणार.

२) पाडलेल्या घराच्या कडीपाटाच्या ६ तुळया, ६ बाय ८ इंच, १० फुटी. साग म्हणून सांगतात. निम्म्या चंदगडला पाठवायच्यात.

काय तपासायचं? आणि तुळयांपेक्षा दांडेलीच्या वनखात्याच्या लाकूड डेपोचा ओंडका परवडेल काय? नको असलेली हत्यारं नंतर विकणार आहे.

पाचर
टॉर्च, स्टीलची पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा. पहिली १५ मिनिटं रंध्यांनाच द्या, लॉटची किंमत तिथंच आहे.

पातं काढून तळाच्या फटीची दोन्ही टोकं टॉर्चनं बघा. रंध्याचं अंग बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं. तो खाली पडला की तडा बहुधा तिथंच जातो आणि बाजूच्या भिंतीत चढतो. तडा दिसला किंवा पितळी झाळ (तडा सांधल्याची खूण) दिसली, तर तो नग भंगाराच्या भावानं धरायचा. मग तळाला पट्टी लावून उजेडाकडं धरा. पुढचं टोक, फटीची पुढची कड आणि मागचं टोक पट्टीला टेकलं पाहिजे. मधे थोडा खोलगट असला तर चालतो, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासता येतो. पातं ज्या तिरप्या बैठकीवर बसतं ती हलवून बघा, दुसऱ्याच रंध्याची आणून बसवलेली असते कधी कधी. पातं झिजलंय म्हणून मात्र भाव पाडू नका. नंबर ४ चं पातं २ इंच रुंद, ते नवीन मिळतं. अंग मिळत नाही.

पटाशीची पाठ (सपाट बाजू) बघा, मूठ नको. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथं मिळतात ती रेघ, त्यामुळं धारेजवळच्या इंचभरात पाठीवर गंजाचे खड्डे असले तर कितीही घासा, धार तुटक येते. टोकाला निळा-जांभळा पट्टा म्हणजे एमरीवर (धार लावायच्या चाकावर) तापवून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरवलंय. तेवढा भाग घासून टाकावा लागतो, म्हणून मागं किती लांबी उरते ते मोजा. करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या रेषेत बघा. लांब बाक हातानं निघतो, एका जागची मुरड निघत नाही.

चांगल्या नगांचीच बेरीज करा, पेटी शून्य धरा. तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. तिथं भंगारवाले आपसात ठरवून आलेले असतात, ते तुमचा चेहरा बघून चढवतात.

गुण्या_निपाणी
तुळयांचं बोलतो. ६ × ८ ÷ १४४ × १० = ३.३३ घनफूट, सहा नगांचे २०. विकणारा २० चेच पैसे मागणार. पण भिंतीत गाडलेली टोकं ओलीनं कुजलेली असतात. दोन्हीकडून फूट-फूट गेला तर उरले १६. वरच्या अंगाला कडीपाटाच्या खिळ्यांची रांग, शिवाय खाचा. कापून हातात १० ते ११ आले तरी बरं म्हणा. भाव त्यावर काढायचा.

साग आहे का हे रंगावरून ठरवू नका, जुनं लाकूड वरून सगळं काळंच दिसतं. कोपरा रंध्यानं तासा. सागाला कातड्यासारखा तेलकट वास येतो, आडव्या कापात वर्षागणिक भोकांची रेघ दिसते. ऐन (दुसऱ्या झाडाचं लाकूड) सागापेक्षा जड लागतो. कडेच्या फिकट लाकडातून पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा आहे. तो फिकट भाग काढून टाकायचाच, तेवढी रुंदी आधीच वजा करा.

करवतीवर नेण्याआधी चुंबक फिरवा. खोल खिळा चुंबकाला कळत नाही, मेटल डिटेक्टर भाड्यानं मिळाला तर बघा. पातं तुटलं की मिलवाला पैसे तुमच्याकडूनच घेणार.

लोंढा_लाईन
डेपोच्या पाटीवर ‘नाटा संग्रहालय’ असतं, म्हणजे इमारती लाकडाचा साठा, म्युझियम नव्हे हो. यादीत कन्नड नावं असतात: सागुवानी म्हणजे साग, मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबला, नंदी म्हणजे नाना, बीटे म्हणजे शिसव. नंदी आणि होन्ने यांत गफलत झाली की बोली वाया.

माप चौथाई घेराचं असतं, म्हणजे घेराचा चौथा भाग ही चौरसाची बाजू धरतात. घेर १२० सेंमी, लांबी ३ मीटर: (१.२ ÷ ४)² × ३ = ०.२७ घनमीटर. ते ३५.३ नं गुणलं की साधारण ९.५ घनफूट. खरं गोल माप ०.३४ च्या आसपास येतं, म्हणजे सालीचा-कडेचा थोडा भाग आधीच सूट मिळाला. समजा घनमीटरला १ लाख बोललात, तर घनफुटाला २,८३० पडले. कापून ६० टक्के मिळालं तर ४,७०० च्या वर. जीएसटी, टीसीएस (विकणारा गोळा करतो तो आयकर), भाडं, कटाई वेगळी. ओंडका ओला असतो, इंची फळीला वाळायला वर्ष धरा. जुनी तुळई बरीच वाळलेली असते, हा तिचा फायदा.

चंदगड महाराष्ट्रात, म्हणजे कर्नाटकाची हद्द ओलांडणं. डेपोच्या मालाला ठसा (वनखात्याचा शिक्का) आणि वाहतूक परवाना मिळतो. त्यावरचा गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत जुळली पाहिजे. घराच्या जुन्या लाकडाला ठसा नसतो, म्हणून गाडी भरण्याआधी वनखात्याच्या खानापूर रेंज ऑफिसात जाऊन लेखी विचारा. जागा, मालकाची कागदपत्रं आणि पाडतानाचे फोटो बरोबर ठेवा.

खानापूरचा_रंधा
आभार. गंज काढायला व्हिनेगर चालेल?

पाचर
रात्रभर, जास्त नको. लोखंड खाल्लं जातं. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच पुसा, तेल लावा. दुसरी पद्धत म्हणजे एका लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. हत्यार ऋण टोकाला, जुनी लोखंडी पट्टी धन टोकाला. स्टेनलेस अजिबात वापरू नका, विषारी क्रोमियम सुटतं. उघड्यावर करा, गॅस निघतो.

विकायचे नग मात्र रंगवू नका. रंग दिसला की घेणारा त्याखाली तडा शोधतो. फटीचा फोटो, पात्याची उरलेली लांबी आणि नावाचा छाप एवढं दिलं की एकेक नग विकला जातो, पूर्ण लॉटपेक्षा चांगला भाव येतो.