गच्चीवरून पक्षी मोजतेय, निम्मे ओळखता येत नाहीत, चालेल का?

गच्चीवरची:
नमस्कार. फेब्रुवारीत चार दिवस घरबसल्या पक्षी मोजायचे असतात ना, त्यात मुलाच्या नादानं भाग घेतला आणि आता सवयच लागली, रोज सकाळी १५ मिनिटं गच्चीत उभी राहून ईबर्ड या पक्षीनोंदीच्या ॲपवर यादी टाकते. सोलापुरात विजापूर रोडला राहतो, समोर कडुलिंब आहे. चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल, घार, कावळा एवढेच ओळखता येतात मला. परवा तारेवर एक करडा पक्षी होता, डोळ्यावरून काळी पट्टी, किती वेळ एकाच जागी. कळलाच नाही कोणता. शेवटी ॲप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का? तिथं हो म्हणू का नको? आणि त्याच त्या चिमण्या रोज मोजून शास्त्रज्ञांना काय मिळणार, खरंच विचारतेय.

कंबर तलाव:
ताई, बिनधास्त हो म्हणा. प्रश्न "ओळखता आलेले" असाच आहे, "दिसलेले" असा नाही. फक्त रोजचाच म्हणून कावळा गाळू नका, कारण हो म्हटलं की यादी पूर्ण धरतात, आणि पूर्ण यादीत जो पक्षी नाही तो तिथं दिसलाच नाही असं धरतात, म्हणजे तुमच्या आळसापायी विजापूर रोडवरचे कावळे गायब! किती दिसले तो आकडाही टाका, नुसती "दिसला" अशी फुली नको. तो करडा म्हणजे खाटीक पक्षी असणार बघा, पण परत नीट दिसल्याशिवाय लिहू नका.

जुनी चाळ:
चिमणीचं सांगतो. सगळे म्हणायचे चिमण्या संपल्या, मोबाइल टॉवरमुळं गेल्या. देशभरातल्या अशाच याद्यांवरून २०२० ला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, त्यात एकूण देशात चिमणी साधारण टिकून आहे असं निघालं, मोठ्या महानगरांत मात्र घटलीय. आता सोलापूरचं काय? मुंबई-बंगळूरच्या आकड्यांवरून आपलं कसं कळणार ओ, त्याला इथल्याच कुणीतरी रोज मोजायला पाहिजे की. २०२३ च्या अहवालात तर ३० हजारांवर लोकांच्या ३ कोटींवर नोंदी होत्या, त्यातले बहुतेक हौशीच.

हिप्परग्याचा:
एक भर घालतो. थवा असला की माणूस अंदाजानं "५००" ठोकून देतो, मीपण द्यायचो. हिवाळ्यात ज्वारीवर संध्याकाळी भोरड्या (गुलाबी मैना) येतात, ढग सरकल्यासारख्या, तेव्हा एका जुन्या निरीक्षकांनी शिकवलं, आधी दहा मोजायच्या, तेवढ्या दहांनी आभाळाचा केवढा तुकडा व्यापला ते डोळ्यात धरायचं आणि मग तसे तुकडे मोजायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा माझे ५०० म्हणजे २१० निघाले. आणि घरटं सापडलं तर फोटो ग्रुपवर टाकू नका, प्लीज. माळढोकासारख्या पक्ष्याची नेमकी जागा ईबर्ड स्वतःच लपवतं, ग्रुपवर कोण लपवणार?

गच्चीवरची:
थँक्यू सगळ्यांना. आज तो तारेवरचा परत आला, चोचीत नाकतोडा होता, मुलानं पुस्तकात बघून सांगितलं, खाटीकच. लिहिला, १. चिमण्या १४, कावळे ३.