उत्तर : पिकअपच्या हौद्यासाठी ताडपत्री कुठली घ्यावी?

'जीएसएम जेवढा जास्त तेवढी ताडपत्री चांगली' असं वर दोघांनी लिहिलंय (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). एकाच जातीच्या मालात ते खरं. पण विणलेल्या प्लास्टिकची २०० जीएसएम आणि पीव्हीसी लेपाची ५०० जीएसएम यांची तुलना कशी करणार? प्लास्टिकची उन्हाने कडक होते आणि घडीच्या रेघेवर फाटते. पीव्हीसीची जास्त टिकते, पण १२ बाय १५ फुटांची घेतली तर आठ किलोच्या वर वजन. ड्रायव्हर एकटा असेल तर रोजची ओढाताण, हेही धरा.

कमानींचा, म्हणजे ताडपत्रीला झोळ पडू नये म्हणून हौद्यावर आडव्या बसवायच्या आधारांचा, विषय मात्र कुणीच काढला नाही, आणि माझ्या मते पावसाळ्यात जीएसएमपेक्षा तोच महत्त्वाचा. हौदा ९ बाय साडेपाच फुटांचा धरा, म्हणजे साडेचार चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं की दहा लिटर, म्हणजे दहा किलो. सरासरी दोन सेंटिमीटर झोळ पडला तर नव्वद किलो लटकतात, तेही ब्रेकगणिक हिंदकळत. मग कडेच्या रिंगा उपटणारच, कितीही भारी कापड घ्या. तीन लोखंडी कमानी, मधली थोडी उंच, एवढं वेल्डरकडून करून घ्या.

कांदा भरत असाल तर मागचा फाळका झाकू नका, वारा खेळू द्या. नाहीतर आतल्या आत घाम धरून माल भिजतो. (किराणा, सिमेंटला अर्थातच उलटं.)