तुरीवरची घाटेअळी हरभऱ्याचा दाणा कशी पचवते?

प्रश्न (हरभरा उत्पादक, दर्यापूर तालुका)
नमस्कार. आमचे वावर खारपाण पट्ट्यात असून तुरीला लागूनच हरभरा असतो. यंदा तुरीच्या शेंगांवरील काही घाटेअळ्या मी डब्यात हरभऱ्याच्या घाट्यांवर सोडल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फारसे खाल्ले नाही; दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या घाटे पोखरू लागल्या. डाळवर्गीय दाण्यांत पचन रोखणारी प्रथिने असतात, असे वाचले आहे. मग अळीवर त्यांचा परिणाम का होत नाही? आणि अशी प्रथिने अधिक असलेला वाण पेरल्यास फवारणी टाळता येईल का?

उत्तर १ (कृषी पदवीधर, अकोला)
भाऊ, परिणाम होतो, परंतु तो टिकत नाही. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना भाजल्याशिवाय देत नाहीत, त्यामागेही हीच निरोधक प्रथिने आहेत. ती ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) चिकटून त्याचे काम थांबवतात. घाटेअळीच्या आतड्यात मात्र ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन यांचे एकच नव्हे, तर अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकासाठी वेगळे जनुक असते. निरोधक पोटात गेल्यावर अळी आधी बहुतेक सर्वच विकरांचे उत्पादन वाढवते आणि त्यानंतर जे विकर निरोधकाला बळी पडतात ते कमी करून, ज्यांच्यावर त्याचा प्रभाव पडत नाही अशांवर भर देते. हा बदल त्याच अळीच्या आयुष्यात घडतो, म्हणून त्याला कीटकनाशकाविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या वाढणारी प्रतिकारशक्ती समजू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनीही हरभरा, तूर, कपाशी अशा वेगवेगळ्या पिकांवर वाढलेल्या अळ्यांच्या आतड्यांत विकरांचे मिश्रण वेगवेगळे असल्याचे दाखवले आहे. आपल्या डब्यातील पहिला दिवस अशाच बदलात गेला असावा, परंतु केवळ जागा बदलल्यामुळेही अळी काही काळ खाणे सोडते, हे लक्षात ठेवावे.

या अदलाबदलीची किंमत अळीला मोजावी लागते, कारण वाढीसाठी लागणारी अमिनो आम्ले नवे विकर घडवण्यात खर्ची पडतात आणि तिची वाढ मंदावते. म्हणून एकाच निरोधकावर विसंबलेल्या वाणाकडून मला फारशी आशा नाही.

उत्तर २ (शेतकरी, मोर्शी)
आम्ही घाटेअळीच्या विषाणूचे द्रावण संध्याकाळी फवारतो, कारण उन्हात विषाणू निकामी होतो. अळ्या लहान असतानाच त्याचा उपयोग होतो. परंतु पाचकरस असे बदलत असतील, तर पुढे विषाणूही चालेनासा होईल का?

उत्तर ३ (कृषी पदवीधर, अकोला)
अन्न बदलले म्हणून तसे होणार नाही. विषाणूभोवतीचे प्रथिनाचे कवच अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते आणि तो अल्कधर्मी गुण पीक बदलले तरी कायम राहतो. बीटी या जिवाणूपासून बनवलेल्या कीटकनाशकाचे मात्र वेगळे आहे: त्याच्या फवारणीतील स्फटिकरूप प्रथिन त्याच रसात विरघळल्यानंतर अळीच्याच विकरांकडून छाटले जावे लागते, तेव्हा ते विषारी होते. काही प्रतिकारक अळ्यांमध्ये छाटणीचे हे कामच मंदावलेले आढळले आहे. त्यामुळे दर्यापूरच्या भाऊंनी वाणावर भिस्त न ठेवता कामगंध सापळे आणि पक्षीथांबे लावावेत, ओळीच्या एक मीटर लांबीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की फवारणीचा निर्णय घ्यावा, आणि तुरीच्या बाजूच्या ओळी आधी तपासाव्यात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. उद्या सकाळी तुरीकडील बांधापासूनच मोजणी सुरू करतो.