आयएनएस विक्रांत (१९६१) : विशेष लेखाच्या अर्जाआधी समीक्षा हवी आहे

गलबत
१९६१च्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचा विकिपीडिया लेख ‘विशेष लेख’ (निवडक दर्जेदार लेख) म्हणून निवडीसाठी पाठवायचा आहे. संदर्भ परिच्छेदागणिक दिलेत, पण दोन ठिकाणी अडलंय. माहितीचौकटीत विस्थापन (जहाज बाजूला सारतं त्या पाण्याचं वजन) १६,००० टन भरलं की कंसात १४,५१५ मेट्रिक टन उमटतं. शिवाय लांबी एका पुस्तकात १९२ मीटर, दुसऱ्यात २१३. कोणती धरू? बाकी मजकूरही तपासा, कडक शेरे चालतील.

तळकणा
माहितीचौकटीतल्या एकक बदलणाऱ्या साच्याने तुमचा टन अमेरिकी शॉर्ट टन धरला, २,००० पौंडांचा. ब्रिटिश बांधणीच्या जहाजांचं विस्थापन लाँग टनात असतं, म्हणजे २,२४० पौंड. एकक बदला, १६,२५७ येईल. हे प्रमाणित विस्थापन, म्हणजे इंधन न भरता मोजलेलं. पूर्ण भाराचं १९,५०० लाँग टन वेगळ्या ओळीत द्या. दोन्हींना नुसतं ‘वजन’ म्हटलंत तर वाचक गोंधळणारच.

लांबीचे दोन्ही आकडे ठेवा. २१३ ही टोकापासून टोकापर्यंतची. १९२ जलरेषेवरची (पाण्याच्या पातळीवर मोजलेली) की लंबांतर (पुढच्या व मागच्या ठरावीक उभ्या रेषांमधली), हे स्रोतात बघून तोच शब्द लिहा.

‘१९४५ मध्ये बांधली’ हे वाक्य मात्र काढाच. २२ सप्टेंबर १९४५ला फक्त जलावतरण झालं. १९४६ मध्ये काम थांबलं आणि जहाज अर्धवट पडून राहिलं. १९५७ मध्ये भारताने घेतल्यावर ते बेलफास्टला पूर्ण झालं आणि ४ मार्च १९६१ला नौदलात दाखल झालं. ब्रिटिश नौदलाच्या सेवेत ते कधी गेलंच नाही, म्हणून ‘हर्क्युलिस’ या त्याच्या मूळ नावाआधी एचएमएस (ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचं उपपद) लावू नका.

सुकाणू
१९७१च्या युद्धाचा विभाग सगळ्यात कच्चा आहे. ‘ताशी २५ नॉट वेगाने चाल करून गेली’ असं लिहिलंय. एक तर नॉट म्हणजेच ताशी सागरी मैल, तेव्हा ‘ताशी’ नको. दुसरं, २५ हा मूळ रचनेतला कमाल वेग. बॉयलरच्या वॉटर ड्रमना तडे गेल्यामुळे युद्धात तो गाठता येत नव्हता. याचा परिणामही लिहा: जहाज हळू चाललं की डेकवर समोरून मिळणारा वारा कमी पडतो, आणि वारा पडलेला असेल तर अलिझेसारखं पाणबुडीविरोधी विमान उडवणं कठीण होतं. हा धागा जोडलात तर तो विभाग उभा राहील.

‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीबद्दल सरळ विधान नको. आयएनएस राजपूतच्या हल्ल्यात ती बुडाली हा भारतीय नौदलाचा दावा. पाकिस्तानची बाजू अपघाती स्फोटाची. कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहा.

आणखी एक: माहितीचौकटीत सी हॉक (जुनं लढाऊ विमान) आणि स्की-जंप (सी हॅरियर या नंतरच्या लढाऊ विमानाच्या उड्डाणासाठी डेकच्या टोकाला केलेला चढ) शेजारी शेजारी आहेत. ते एका काळातले नाहीत. ‘१९७१ मधील स्थिती’ आणि ‘सी हॅरियरसाठीच्या बदलांनंतर’ असे दोन भाग करा.

गलबत
टन, तारखा, एचएमएस दुरुस्त केलं. १९७१चा विभाग नव्याने लिहितोय. त्या वर्षी प्रसिद्ध झालेलं नौदलाचं छायाचित्र मुक्त म्हणून चढवता येईल का?

तळकणा
नाही. भारतात सरकारी छायाचित्राचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७१चं छायाचित्र १ जानेवारी २०३२ला मुक्त होईल. तोवर संग्रहालय असताना मुंबईत कुणी स्वतः काढून मुक्त परवान्याखाली दिलेलं छायाचित्र वापरा. पण त्यात स्की-जंप दिसेल, म्हणून चित्राखालच्या ओळीत काळ लिहायला विसरू नका.