दहा ओळींचा पॅच, दोन रात्रींचा बग

रात्रपाळी:
परवा इथे एकाने लिहिलं की ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा गेमचे बग (चुका) कळवत बसणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मेंटेनर (गेम सांभाळणारे) उर्मट, पॅच (कोडातली दुरुस्ती) पाठवला तर धूळ खात पडतो, कोणी फुकट राबू नये. खाली पटापट ‘अगदी बरोबर’ही पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी चार वर्षं एका स्ट्रॅटेजी गेमचे इश्यू, म्हणजे लोकांनी कळवलेल्या अडचणी, निवडायचं काम करतोय. कोड फारसा लिहीत नाही. आलेला बग खरा आहे का, आधी कोणी कळवलाय का, माझ्याकडे पुन्हा घडतो का, एवढं बघतो. नोकरी आटपून, रात्री. आणि समोर काय येतं? ‘गेम क्रॅश होतो. लवकर सुधारा.’ कुठली आवृत्ती, कुठली सिस्टीम, काय करताना, काही नाही. सेव्ह (डाव साठवलेली फाईल) मागितली की माणूस गायब. अशा एकावर दोन रात्री घालवल्या, तेव्हा कळलं की त्याने जुन्या आवृत्तीचा मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची भर) चढवला होता. पहिल्याच दिवशी एका ओळीत सांगता आलं असतं. ओपनटीटीडी हा वाहतुकीचा ओपन सोर्स गेम तर कोसळता कोसळता लॉग (काय घडलं त्याची नोंद) आणि सेव्ह स्वतःच लिहून ठेवतो, नुसतं जोडायचं असतं.

‘दहा ओळींचा पॅच बघायला किती वेळ लागतो?’ हे तर रोजचं. वाचायला दोन मिनिटं लागतात. पण त्या ओळींमुळे सेव्हमध्ये एक आकडा जास्त लिहिला जाणार असेल, तर लोकांच्या जुन्या सेव्ह उघडतील का हे तपासायला आठवडा जातो. ओपनटीटीडी 2004 पासून चालू आहे आणि ज्या गेमवरून तो बनला त्याच्या सेव्हही उघडतो. आपोआप नाही होत ते. सेव्हचा साचा बदलला की क्रमांक वाढवून जुन्याचं नव्यात रूपांतर करणारा कोड कोणीतरी लिहिलाय, दर वेळी.

उंट_तिरका:
ती पोस्ट माझी. ‘एकाने’ कशाला, नाव घ्यायचं.

तुम्ही सांगताय ते सगळं मी केलं होतं. पुलाच्या कोपऱ्यावर सैनिक अडकायचे. सेव्ह जोडली, आवृत्ती लिहिली, वर स्वतः गिट बिसेक्ट केलं, म्हणजे दर फेरीत उरलेले बदल निम्मे करत बग आणणारा बदल शोधला. हजार कमिट (कोडात नोंदवलेले बदल) असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो हे खरं, पण माझ्या लॅपटॉपवर एकेक बिल्ड (कोडातून चालता गेम बनवणं) चाळीस मिनिटांचं. अख्खा रविवार गेला. कमिट सापडला, पॅच लिहिला, सोबत तो बग तपासणारी टेस्ट दिली. पाच महिने कोणी फिरकलं नाही. मग ‘रीबेस करा’, म्हणजे पॅच ताज्या कोडवर बसवा. त्याच रात्री केलं. पुन्हा शांतता. आणि एक दिवस बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘हालचाल नाही’ म्हणून पॅच बंद केला. हालचाल कोणाची नव्हती? पुढच्या आवृत्तीत आतल्याच एकाने तो बग दुरुस्त केला, माझीच टेस्ट नाव बदलून वापरली. माझा उल्लेख कुठेही नाही.

पैसे मागितले नव्हते मी. कमिटवर नाव हवं होतं, नाहीतर निदान ‘नको’ एवढं उत्तर.

तिसरा_डाव:
नाव गाळलं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण रिव्ह्यूला (पॅच तपासायला) उशीर का लागतो ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. जंगलात पक्ष्यांचे आवाज अधूनमधून वाजावेत म्हणून छोटा पॅच दिला होता. एकट्याने खेळताना झकास. घाईत मर्ज झाला (मूळ कोडात मिसळला) आणि मल्टिप्लेयरचे डाव मोडायला लागले. अशा गेममध्ये प्रत्येकाच्या मशीनवर तीच लढाई स्वतंत्र चालते, नेटवर्कवरून फक्त आज्ञा जातात. मी आवाजासाठी लढाईच्याच रँडम आकड्यांच्या रांगेतून आकडा ओढला होता. ज्याच्या पडद्यावर जंगल दिसत होतं त्याच्याकडे एक आकडा जास्त खर्च व्हायचा, तिथून पुढचा सगळा हिशेब वेगळा. डीसिंक, म्हणजे मशीनांचे डाव एकमेकांशी जुळेनासे झाले. ओपनटीटीडीत यासाठी खेळाचा रँडम वेगळा आणि दिखाव्याचा वेगळा ठेवलाय. मला ठाऊकच नव्हतं. तीन ओळी होत्या. शोधायला दोघांचे अकरा दिवस गेले.

कानामात्रा:
कोडवाल्यांची दुःखं ऐकली, आता भाषांतरवाल्यांचंही ऐका. मी एका गेमच्या मोहिमा मराठीत आणते. ‘दऱ्या ओलांडून किल्ला गाठा’ असं लिहिलं, गेममध्ये आलं ‘दर्या ओलांडून’. दरीचा समुद्र झाला! इश्यू टाकला, आवृत्तीसकट, हवं ते आणि आलं ते अशा दोन चित्रांसकट. उत्तर आलं, दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. बंद. यात मी काय कमी दिलं ते सांगा.

रात्रपाळी:
फॉन्टचा प्रश्न असेल. दुसरा लावून बघितलात का?

कानामात्रा:
हेच! हेच पहिलं उत्तर असतं. चार फॉन्ट लावून झाले. चार वर्षं इश्यू निवडताय ना, मग बग नीट न वाचता उत्तर देणं तुमच्याकडूनही व्हावं?

मूळप्रत:
फॉन्ट नाही. ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ ला हलंत जोडून. दुसरी, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. भाषांतराची फाईल आत घेताना एखादी स्क्रिप्ट ‘अदृश्य अक्षरं’ साफ करत असेल तर जोडक उडतो आणि उरतो रफार. तुमची आणि गेममधली, दोन्ही फाईलींचे बाईट (अक्षरं ज्या आकड्यांत साठवतात ते) ताडून बघा.

गेममध्ये कधी वेलांटीही चुकते, ते वेगळं प्रकरण. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी हवी. ही उलटापालट हार्फबझसारखा शेपर (अक्षरांची जुळणी करणारा कोड) करतो. गेम एकामागून एक चिन्हं तशीच छापत असेल तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. वेसनॉथ हा ओपन सोर्स गेम मजकूर पँगो या तयार लायब्ररीतून काढतो, तिथे ही अडचण नाही. एसडीएल_टीटीएफ या गेममध्ये अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीतही 2.0.18 आवृत्तीपासून हार्फबझची सोय आहे, पण बिल्डमध्ये ती चालू ठेवायला लागते.

तिसरा_डाव:
आणि नावांची लांबी! देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये 3 बाईट. मर्यादा 20 बाईटची असली की सहा चिन्हं, काना-मात्रा धरून. सातवं मध्येच तुटतं आणि नावाच्या शेवटी चौकट उगवते.

उंट_तिरका:
धागा पॅचवर होता. सगळे वेलांटीत अडकलेत आणि माझ्या पाच महिन्यांवर धागाकर्त्याने अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. तिथे झालं तेच इथे.

रात्रपाळी:
लागलं. कानामात्रा, तुमचंही लागलं. वाचायच्या आधी लिहिलं मी.

उंट_तिरका, तुमचा पॅच मी बंद केला नव्हता. पण आमच्याकडेही तसाच बॉट आहे, साठ दिवसांचा, आणि तो लावा म्हणणारा मीच. उत्तर आमच्याकडे अडलेलं असलं तरी तो दिवस पाठवणाऱ्याचेच मोजतो, हे मी कधी तपासलं नाही. आज यादी काढली. बंद झालेले चौदा पॅच असे आहेत की शेवटचा शब्द पाठवणाऱ्याचा आहे. एवढं मान्य. सेव्ह न देता ‘सुधारा’ म्हणणाऱ्यांबद्दल मात्र काहीही मागे घेत नाही.

उंट_तिरका:
आधी चौदा उघडा, मग बोलू.

रात्रपाळी:
नऊ उघडले. पाच आता लागूच होत नाहीत, तसं प्रत्येकावर लिहिलं.

उंट_तिरका:
ते लिहायला किती वेळ लागला?

रात्रपाळी:
पाचांना मिळून वीस मिनिटं.

कानामात्रा:
बाईट बघितले. जोडक माझ्या फाईलमध्ये आहे, गेमच्या फाईलमध्ये नाही. मूळप्रत म्हणतात तशी स्क्रिप्टही सापडली, एका ओळीत सगळं पुसते. पॅच कसा पाठवायचा, कोणी सांगेल का?

उंट_तिरका:
मी सांगतो. आधी टेस्ट लिहा, ‘दऱ्या’ आत घातल्यावर ‘दऱ्या’च बाहेर येतं का याची. आणि पाठवायच्या आधी कमिटवर तुमचं नाव बरोबर पडलंय ना, तेवढं बघा.